सिम्युलेटरवर नेटवर्किंग शिकवताना: सोलापूरच्या एका लॅबमधील रीत

पदविकेच्या नेटवर्किंग प्रात्यक्षिकाला २२ जणांची बॅच समोर उभी असते आणि कपाटात दोन स्विच (एका ठिकाणचे संगणक जोडणारी उपकरणे) व एक जुना राउटर (वेगवेगळी नेटवर्के जोडणारे उपकरण) एवढीच सामग्री असते, ही स्थिती सोलापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या कुणालाही अनोळखी नाही. मग शिक्षक टेबलावर स्विच मांडतो, पुढचे चार विद्यार्थी पाहतात, मागचे माना उंचावतात आणि सर्वांच्या जर्नलमध्ये एकच आकृती उतरते. सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर नेटवर्क उभारून चालवू देणारे सॉफ्टवेअर, हा यावरचा स्वस्त आणि चांगला उपाय आहे, यात वाद नाही. मात्र मी स्वतः पहिली दोन वर्षे तो चुकीच्या पद्धतीने वापरला: विद्यार्थ्यांनी उपकरणे ओढून मांडायची, तारा जोडायच्या, पिंग (दुसरा संगणक उत्तर देतो का हे तपासणारा छोटा संदेश) यशस्वी झाला की स्क्रीनशॉट काढायचा आणि पुढच्या प्रात्यक्षिकाकडे वळायचे. तोंडी परीक्षेत "पिंग केल्यावर तारेवरून सर्वांत आधी काय जाते?" असे विचारले, तेव्हा अर्धा वर्ग गप्प बसला. मुलांना चित्र उत्तम काढता येत होते. पाकिटाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा, प्रवास त्यांनी पाहिलाच नव्हता.

खऱ्या तारेवर तो प्रवास मिलिसेकंदाच्या आत संपतो आणि डोळ्यांना फक्त स्विचवरचा लुकलुकणारा दिवा दिसतो. सिम्युलेटरमध्ये तो प्रत्येक टप्प्यावर थांबवता येतो, आणि थांबवल्यावर "आता हे पाकीट कुठे जाईल?" असे विचारता येते. खाली दिलेली रीत या एका प्रश्नाभोवती बांधलेली आहे.

सॉफ्टवेअर निवडताना

पहिल्यांदा नेटवर्किंग शिकणाऱ्यांसाठी मी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर वापरतो. सिस्को नेटवर्किंग अकादमीवर खाते उघडले की ते विनामूल्य मिळते, ४ जीबी मेमरीच्या संगणकावरही चालते आणि त्यातील, पाकिटे एकेक पाऊल चालवून दाखवणारा सिम्युलेशन मोड शिकवण्यासाठीच बनवलेला आहे. जीएनएस-३ हे अधिक ताकदीचे साधन आहे, कारण त्यात राउटरची खरी कार्यप्रणाली चालवली जाते. पण त्यासाठी ती कार्यप्रणाली कायदेशीर मार्गाने मिळवावी लागते आणि संगणकही दणकट लागतो. एनएस-३ मध्ये नेटवर्क प्रोग्राम लिहून उभे करायचे असते. ते संशोधनाचे काम आहे, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर ठेवण्याचे नव्हे.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. सर्व संगणकांवर सॉफ्टवेअरची आवृत्ती एकच असावी, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि पेन ड्राइव्हवर फाइल घरून करून आणलेला विद्यार्थी बिचारा हात चोळत बसतो. तसेच लॉगिन आदल्या दिवशीच करून ठेवावे. २२ जण एकाच वेळी पासवर्ड आठवू लागले आणि त्याच क्षणी लॅबचे इंटरनेट रुसले, तर तासाचा पहिला भाग वाया जातो.

एका संगणकावर दोन विद्यार्थी बसवावेत: एकाच्या हाती माउस, दुसऱ्याच्या हाती पेन. पेनवाल्याने अंदाज लिहायचा, तो लिहून होईपर्यंत माउसवाल्याने कळ दाबायची नाही, आणि पंधरा मिनिटांनी अदलाबदल करायची. हा नियम किरकोळ वाटतो, परंतु पुढची सगळी शिस्त याच्यावर उभी आहे.

पहिले प्रात्यक्षिक: एक स्विच आणि चार संगणक

उदाहरण विद्यार्थ्यांच्या ओळखीचे घ्यावे. मी चादरीच्या व्यवसायाचे घेतो: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखाना आणि नवी पेठेत विक्रीचे दुकान. पहिल्या दिवशी फक्त कारखान्याचे कार्यालय उभे करायचे. २९६० प्रकारचा एक स्विच आणि चार संगणक मांडावेत. अनेक हस्तपुस्तिका दोनच संगणकांनी सुरुवात करतात, पण मला ते पटत नाही, कारण दोनच संगणक असतील तर "सर्वांना पाठवणे" आणि "एकालाच पाठवणे" यांतला फरक पडद्यावर दिसतच नाही.

केबल आपोआप निवडणारे विजेचे चिन्ह पहिल्या दोन प्रात्यक्षिकांत वापरू देऊ नये. संगणक ते स्विच यासाठी सरळ जोडणीची तांब्याची केबल विद्यार्थ्याने स्वतः निवडावी. मुद्दाम दोन संगणक त्याच केबलने थेट एकमेकांना जोडायला सांगावे; जोडणीवरची खूण लाल राहते आणि क्रॉसओव्हर केबल (एका टोकाला तारांची अदलाबदल केलेली) कशासाठी होती हे सांगायला निमित्त मिळते. आजचे बहुतेक पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच ओळखून घेतात, हेही त्याच वेळी सांगून टाकावे, नाहीतर विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या दिवशी क्रॉसओव्हर केबल शोधत फिरेल.

स्विचला केबल जोडल्यावर त्या बाजूची खूण काही वेळ नारिंगी दिसते. इथे वर्गात हमखास गोंधळ होतो, केबल काढून पुन्हा जोडली जाते आणि प्रतीक्षा पहिल्यापासून सुरू होते. स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलमुळे (स्विचच्या जोडण्यांत पाकिटे गोल फिरू नयेत म्हणून असलेल्या नियमांमुळे) पोर्ट १५ सेकंद ऐकण्याच्या आणि १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थेत असतो, म्हणून ही ३० सेकंदांची वाट पाहावी लागते, एवढेच आज सांगावे. लूप, वर्तुळे वगैरे पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवावे.

आता संगणकांना १९२.१६८.१०.११ पासून १९२.१६८.१०.१४ पर्यंतचे आयपी पत्ते आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) देऊन सिम्युलेशन मोडमध्ये जावे. पिंग पाठवण्यापूर्वी फिल्टर उघडून सर्व प्रोटोकॉल बंद करावेत आणि फक्त एआरपी (आयपी पत्त्यावरून उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, विचारणारा) व आयसीएमपी (पिंग ज्याने जातो तो) हे दोनच सुरू ठेवावेत. ही पायरी विसरली तर स्विचची स्वतःची नियमित पाकिटे यादीत भरत राहतात आणि मुलांना कोणते पाकीट आपले हेच कळत नाही.

मग पाकिटाच्या चिन्हाने पहिल्या संगणकावरून चौथ्या संगणकाकडे साधा पिंग तयार करावा. इथे इंग्रजी पॅकेट आणि मराठी पाकीट यांची गाठ आयती पडते. पडद्यावर खरोखरच टपालाचे पाकीट दिसते. कळ दाबण्यापूर्वी थांबावे. पहिल्या संगणकापाशी एक नव्हे, दोन पाकिटे उभी आहेत. दुसरे कोणी पाठवले? एखादी जोडी म्हणते, "सर, आम्ही चुकून दोनदा क्लिक केलं." चूक झालेली नाही, असे सांगून त्यांना पाकिटावर क्लिक करायला लावावे. आत थरांचे चित्र उघडते आणि तिथे कारण लिहिलेले असते: चौथ्याचा आयपी पत्ता ठाऊक आहे, मॅक पत्ता ठाऊक नाही, म्हणून आयसीएमपीचे पाकीट बाजूला ठेवून एआरपीचा प्रश्न आधी पाठवला जात आहे. तोंडी परीक्षेतल्या त्या प्रश्नाचे हे उत्तर.

यानंतर एकेक पाऊल पुढे न्यावे आणि प्रत्येक पावलाआधी अंदाज लिहवून घ्यावा. स्विचकडे पोहोचलेले एआरपीचे पाकीट पुढच्या पावलात तीन होते आणि उरलेल्या तिन्ही संगणकांकडे जाते. दोघे ते टाकून देतात, त्यांच्यावर फुली उमटते, आणि चौथा उत्तर देतो. टपालवाला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नाव पुकारतो आणि ज्याचे पत्र तोच ओ देतो, हा दाखला इथे चालतो. पुढच्या पावलाला मात्र तो अपुरा पडतो, आणि तिथे थांबणे सर्वांत फलदायी ठरते: प्रश्न सर्वांना गेला, मग उत्तर एकाच तारेवरून का परत आले? बहुतेक जण "कारण ते उत्तर आहे" असे लिहितात. खरे कारण असे, की प्रश्न जाताना स्विचने पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता आणि ते ज्या पोर्टवरून आले त्याचा क्रमांक टिपून ठेवला होता. स्विचच्या कमांड लाइनवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' ही आज्ञा देऊन तो तक्ता उघडून दाखवावा. त्यात आतापर्यंत बोललेल्यांचेच पत्ते सापडतात, गप्प बसलेल्यांचे नाहीत. आज्ञा टाइप रोमन लिपीतच करायच्या, पण समजावून मराठीत सांगायचे, असे माझ्या वर्गात ठरलेले आहे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलेही वर्गात या मिश्रणाला सरावलेली असतात.

हेच पिंग पुन्हा पाठवल्यावर एआरपी दिसत नाही, कारण उत्तर संगणकाने लक्षात ठेवलेले असते. संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टवर 'एआरपी -ए' लिहून ते पाहता येते. एवढ्याशा नेटवर्कवर दोन तास सहज जातात आणि ते जाऊ द्यावेत.

दुसरे प्रात्यक्षिक: कारखाना आणि दुकान

आता दुकानासाठी १९२.१६८.२०.० हे वेगळे नेटवर्क, दोन्ही ठिकाणी २९११ प्रकारचा एकेक राउटर, आणि दोन राउटरांमध्ये १०.०.०.० /३० ची जोडणी. /३० म्हणजे पत्त्याचे पहिले ३० बिट नेटवर्कचे; त्यात चार पत्ते असतात आणि वापरता येतात दोनच. दोन टोकांना दोन पुरतात.

राउटर सुरू होताच सेटअपविषयी विचारतो, त्याला 'नो' म्हणावे. लगेच 'नो आयपी डोमेन-लुकअप' ही आज्ञा देऊन टाकावी, नाहीतर आज्ञेत एक अक्षर चुकले की राउटर तो शब्द कुठल्यातरी संगणकाचे नाव समजून शोधत बसतो आणि विद्यार्थी पडदा अडकला म्हणून हात वर करतो. स्विचचे पोर्ट आपोआप चालू असतात, राउटरचे मात्र बंद असतात. प्रत्येक इंटरफेसवर, म्हणजे पोर्टवर, 'नो शटडाउन' द्यावे लागते. वर्षातून किमान पन्नास वेळा मी हे वाक्य उच्चारतो.

पहिला पिंग फसला तर कुणालाही घाबरू देऊ नये. पत्ते, मार्ग सगळे बरोबर असूनही सुरुवातीची एक-दोन उत्तरे येत नाहीत, कारण राउटरला पुढच्या टोकाचा मॅक पत्ता ठाऊक नसतो, तो एआरपी विचारतो आणि तोवर हाती असलेले पाकीट टाकून देतो. खऱ्या सिस्को राउटरवरही असेच घडते.

या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांनी वहीत एक तक्ता करायचा: प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर पाठवणाऱ्याचा मॅक, घेणाऱ्याचा मॅक, पाठवणाऱ्याचा आयपी, घेणाऱ्याचा आयपी. कारखान्यातून दुकानापर्यंत तीन टप्पे होतात. आयपीचे दोन्ही रकाने तिन्ही ओळींत तेच राहतात आणि मॅकचे दोन्ही रकाने प्रत्येक ओळीत बदलतात. हे मी फळ्यावर अनेक वर्षे सांगत होतो. पाकीट उघडून स्वतःच्या हाताने बारा चौकटी भरल्यावर ते ज्या प्रकारे डोक्यात बसते, तसे फळ्यावरून कधीच बसले नाही.

खरी गंमत मार्गांची आहे. स्टॅटिक रूट (राउटरला हाताने लिहून दिलेला मार्ग) देताना पहिल्यांदा मुद्दाम फक्त कारखान्याच्या राउटरवर द्यायला लावावा: 'आयपी रूट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२'. दुकानाच्या राउटरला काहीच सांगायचे नाही. आता पिंग केल्यावर काय होईल, असे विचारावे. जवळजवळ सगळे लिहितात की पाकीट पोहोचणार नाही. सिम्युलेशनमध्ये पाकीट थेट दुकानाच्या संगणकापर्यंत जाते, तो संगणक उत्तरही देतो, आणि ते उत्तर दुकानाच्याच राउटरवर फुली खाऊन मरते, कारण १९२.१६८.१०.० कुठे आहे हे त्या राउटरला कुणी सांगितलेलेच नाही. जाण्याचा रस्ता आहे, परतीचा नाही. खऱ्या उपकरणांवर इथे फक्त "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" एवढेच दिसले असते आणि विद्यार्थी कारखान्याच्या राउटरवरच चूक शोधत राहिला असता.

लगेच उलटे करून पाहावे. कारखान्याच्या राउटरवरचा मार्ग काढावा. आता संदेश बदलतो: १९२.१६८.१०.१ कडून "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असे उत्तर येते. म्हणजे आपल्याच गेटवेने (आपल्या नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरने) हात वर केले. हे दोन संदेश शेजारी शेजारी लिहून ठेवायला सांगावे. आपल्या गेटवेकडून नकार आला तर मार्ग जवळ शोधायचा. शांतता मिळाली तर पलीकडचे टोक आणि परतीचा रस्ता आधी पाहायचा. ही खूणगाठ शंभर टक्के पुरेशी नसते, पाकिटे अडवणारी फायरवॉल आली की शांततेचे आणखी अर्थ निघतात, पण शोध कुठून सुरू करायचा हे तिच्यामुळे कळते.

याच तासाच्या शेवटी कुणालाही आगाऊ न सांगता सर्वांना पॉवर सायकलची (सर्व उपकरणे बंद करून पुन्हा चालू करणारी) कळ दाबायला लावावी. ज्यांनी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' करून चालू मांडणी जतन केलेली नसते त्यांचे राउटर कोरे होतात. उन्हाळ्यात सोलापुरात वीज जाण्याची सवय सगळ्यांनाच असल्यामुळे हा धडा वेगळा समजवावा लागत नाही. एकदा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, लाइट जाऊन आली की चादरीवर तिथं खूण तरी राहते. इथं तर काहीच राहिलं नाही." चालू मांडणी मेमरीत असते आणि वीज गेली की ती जाते, हे त्यानंतर मला एका वाक्यात सांगता आले. सिम्युलेटरची फाइल वेगळी जतन करावी लागते, हे मात्र दर दहा मिनिटांनी आठवण करून द्यावे लागतेच.

बिघडलेल्या फाइली

तिसऱ्या प्रात्यक्षिकापासून कोऱ्या पानावर नेटवर्क उभारायला सांगणे मी बंद केले. शिक्षकाने चालू नेटवर्क तयार करावे, त्यात एक दोष पेरावा आणि फाइल वाटावी. सुरुवातीला एकच दोष, पुढे दोन. बंद पोर्ट, चुकीचा गेटवे, चुकीच्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर वेगळ्या केलेल्या गटात) पडलेला संगणक हे दोष सोपे आहेत. मास्कचा दोष मात्र सर्वांत शिकवणारा. एकाच स्विचवर १९२.१६८.१०.२० ला /२४ द्यावा, १९२.१६८.१०.१३० ला /२५ द्यावा आणि दोघांचेही गेटवे रिकामे ठेवावेत. पहिल्याच्या हिशेबात दुसरा शेजारी आहे, म्हणून तो थेट पाकीट पाठवतो आणि ते पोहोचते. दुसऱ्याच्या हिशेबात मात्र आपले नेटवर्क १२८ पासून २५५ पर्यंतच आहे. २० हा परका, परक्याकडे जायला गेटवे हवा आणि गेटवे नाही. पुन्हा तोच परतीचा रस्ता, या वेळी राउटरशिवाय.

दोष शोधताना विद्यार्थ्याने आधी लक्षण, मग संशय, मग तपासणीची आज्ञा आणि शेवटी दुरुस्ती असा क्रम लिहावा. सरळ दुरुस्तीवर उडी मारणारा हुशार विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याची दुरुस्ती बरोबर असली तरी क्रम लिहिल्याखेरीज सही करू नये.

पॅकेट ट्रेसरच्या ॲक्टिव्हिटी विझार्डने आपोआप तपासली जाणारी फाइलही बनवता येते. अपेक्षित उत्तर, सुरुवातीची मांडणी, सूचना आणि वेळमर्यादा देता येते व विद्यार्थ्याला टक्केवारी दिसते. मोठ्या बॅचला ते सोयीचे आहे, पण मी जपून वापरतो, कारण टक्केवारी दिसू लागली की मुले तिच्याकडे पाहून आज्ञा बदलत राहतात आणि १०० दिसताच थांबतात. वापरायचेच असेल तर गुण लपवावेत, फाइलला पासवर्ड लावावा आणि प्रत्येकाला आधी स्वतःची यूजर प्रोफाइल भरायला लावावी. एकाची फाइल पेन ड्राइव्हवरून पाच संगणकांवर फिरते तेव्हा ती प्रोफाइल उपयोगी पडते.

सिम्युलेटर जिथे अपुरा पडतो

पॅकेट ट्रेसरमध्ये खऱ्या राउटरच्या सगळ्या आज्ञा नाहीत. त्यातील वेळ आणि वेग खरे नाहीत, म्हणून त्यावर वेग मोजण्याचे प्रयोग करू नयेत. त्यात केबल कधी सैल होत नाही, पोर्टमध्ये धूळ जात नाही आणि आरजे-४५ कनेक्टरचे खटके तुटत नाहीत.

म्हणून सत्रात एक दिवस क्रिम्पिंगला, म्हणजे केबलला कनेक्टर बसवायला, द्यावा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा टी-५६८बी या मानकाचा तारांचा क्रम प्रत्येकाने स्वतः लावून, टेस्टरवर आठही दिवे ओळीने पेटलेले पाहावेत. पहिली केबल बहुधा वाया जाते. प्रत्येकी दोन-तीन कनेक्टर जास्तीचे आणून ठेवावेत.

आणखी एक तास वायरशार्कला, म्हणजे खऱ्या तारेवरची पाकिटे टिपून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्यावा. लॅबच्या खऱ्या संगणकावर पाकिटे टिपायला सुरुवात करून शेजारच्या संगणकाला पिंग करावे आणि एआरपीचे पाकीट शोधावे. त्याच्या इथरनेट शीर्षकात प्रकाराच्या जागी षोडशमानात ०८०६ दिसते, पिंगच्या पाकिटात ०८००. पॅकेट ट्रेसरमध्ये उघडलेल्या पाकिटातही हेच आकडे होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या वहीतून काढून दाखवावे. खऱ्या तारेवर तेच आकडे सापडल्यावर सिम्युलेटर म्हणजे खेळ, ही शंका बाळगणारे विद्यार्थीही सरळ बसतात. विंडोजचा पिंग चार पाकिटे पाठवतो आणि प्रत्येकात ३२ बाइटांचा मजकूर असतो. तो मजकूर म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे आहेत हे पाहून वर्गात हसू फुटते.

जर्नलमध्ये स्क्रीनशॉट एकच चिकटवू द्यावा, तोही मांडणीचा. बाकीची पाने अंदाज, प्रत्यक्षात घडलेले आणि फरकाचे कारण अशा तीन रकान्यांची असावीत. चुकलेला अंदाज खाडाखोड करून लपवू देऊ नये. एका रेघेने काटावा आणि खालचा शब्द वाचता आला पाहिजे. तोंडी परीक्षेत मी जर्नल उघडतो तेव्हा आधी त्या काटलेल्या ओळी शोधतो आणि पहिला प्रश्न त्यांतूनच विचारतो.